सरकारनं दुकान मांडू नये: महाराष्ट्राचा अर्थसंकल्प आणि पेटीतल्या कापसाच्या पावत्या

काळी माती (धागाकर्ता)

वडील गेले त्या वर्षी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याच्या जुन्या नकला, सोसायटीचं पासबुक आणि सुतळीनं बांधलेला कापसाच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला. सगळ्या १९८०च्या दशकातल्या. प्रत्येकीवर प्रत, वजन, भाव. मागच्या बाजूला वडिलांच्या अक्षरात चुकाऱ्याच्या नोंदी. पहिला मिळाला, दुसरा मिळाला, आणि शेवटच्या हप्त्यापुढे पेन्सिलीची बरोबरची खूण. सात-आठ पावत्यांवर ती शेवटची खूणच नाही.

नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. १९७१ साली राज्यानं कायदा केला आणि १९७२-७३च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. अर्थ सरळ होता: महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारच्या योजनेला विकायचा. खासगी व्यापाऱ्याला नाही, राज्याबाहेर तर नाहीच. आमचं गाव पैनगंगेच्या काठावर. पलीकडे आदिलाबाद, तेव्हाचं आंध्र. तिकडे भाव चढा असला की आपलाच कापूस नदीपार नेणं हा गुन्हा. लोक रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढून गाड्या जुंपायचे.

मी लहान असताना वडिलांबरोबर संकलन केंद्रावर गेलोय. गाड्यांची रांग, दोन-दोन रात्री मुक्काम, गाडीखालीच झोपायचं. ग्रेडर यायचा, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढून दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ताणून बघायचा. तेवढ्यात वर्षाची कमाई ठरायची. पटलं नाही तर जायचं कुठे? दुसरा घेणाराच नव्हता. थोडे पैसे आधी, उरलेले हप्त्यांनी, आणि योजनेला फायदा झाला तर अंतिम भावातला फरक नंतर.

हेतू वाईट नव्हता. व्यापारी नाडत होते हे खरंच होतं. पण सरकार एकदा व्यापारी झालं की भाव बाजार ठरवत नाही, मंत्रिमंडळ ठरवतं, आणि निवडणूक जवळ असली की अंदाजही तसेच होतात. खरेदीसाठी कर्ज राज्याच्या हमीवर काढलेलं, त्यामुळे तोटा आला की तो अखेर तिजोरीवरच. २००२च्या सुमारास खासगी खरेदीला वाट करून दिली गेली आणि एकाधिकार सैलावत संपला.

हे सगळं आज काढायचं कारण अर्थसंकल्प. दरवर्षी मार्चमध्ये आपण एवढंच विचारतो की कुणाला काय मिळालं. माझा प्रश्न वेगळा आहे. जे त्या पुस्तकात लिहिलेलं नसतं त्याचं काय? दिलेल्या थकहम्या (कर्ज थकलं तर राज्य भरेल अशी ग्वाही), महामंडळांची कर्जं, वीजबिलांची थकबाकी, उद्याची पेन्शनं. माझं म्हणणं असं: राज्यानं व्यापार करू नये, भाव ठरवू नयेत, परवान्यांचे आडोसे उभे करू नयेत. गरिबाला मदत जरूर करावी, पण ती उघड, अर्थसंकल्पात आकडा आणि मुदत लिहून. मुक्त बाजार म्हणजे गरिबाला वाऱ्यावर सोडणं, असं मी मानत नाही. मदतीचा हिशेब लपवायला जागाच ठेवू नये, एवढंच.

मतं मांडा. विरोधात असाल तर आवर्जून.

घाटमाथा

वाचतोय. पावत्यांचं वर्णन वाचून गलबलून आलं.

रोजंदारी

विरोधात आहे, म्हणून लिहिते.

माझी आई रोजगार हमीच्या कामावर गेलेली बाई. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली त्यांना बाजाराच्या गोष्टी सांगू नका. तेव्हा बाजारात धान्यही होतं आणि भावही होता, नव्हती ती हातात मजुरी. ती सरकारनं दिली. वि. स. पागे यांची कल्पना आणि पुढे १९७७चा कायदा, यांनी मागेल त्याला काम हा हक्क दिला. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

तुम्ही म्हणता व्यापारी नाडत होते हे खरं. मग एकाधिकार उठल्यावर तेच व्यापारी परत आले ना? कापसाचा भाव कोसळतो तेव्हा खासगी जिनिंगवाला रांगेतल्या शेतकऱ्याला काय भाव देतो, ते तुम्ही बघितलं असेलच.

काळी माती

रोजंदारीताई, तुमच्या आईबद्दल लिहिलंत, मनापासून नमस्कार. आणि रोजगार हमी हे मला माझ्या बाजूचंच उदाहरण वाटतं. ते पैसे कुठून आले ते बघा. १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर लावला. पगारातून कापला जाणारा हा कर त्याच कामासाठी, आणि जेवढा तो जमा होईल तेवढीच भर राज्यानं घालायची. शहरातल्या नोकरदाराला कळत होतं की आपले पैसे खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला जातात. कर्जही लपलेलं नाही आणि कुणावर विकण्याची सक्तीही नाही. अशी मदत मला शंभरदा मान्य आहे.

व्यापारी परत आले, हो. पण आज नदीपार जायला घंट्या काढाव्या लागत नाहीत. दहा घेणारे असणं आणि एकच असणं यातला फरक रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतो. भाव पडला तर काय करायचं, यावर नंतर सविस्तर लिहितो.

टाचण

धागा चांगला आहे, थोडा इतिहास जोडतो.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९०२चं अंदाजपत्रकावरचं भाषण आठवा. कलकत्त्यात केंद्रीय कायदेमंडळात सरकार सलग शिलकी अंदाजपत्रकं मांडून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी उलट बाजू धरली: दुष्काळ आणि प्लेगनं लोक गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला आणि पुढे आणखी उतरला. अंदाजपत्रकाकडे लोकांच्या खिशाच्या बाजूनं बघायची सवय मराठी माणसाला अशी जुनी आहे.

पण न्यायमूर्ती रानड्यांना विसरू नका. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी स्पष्ट सांगितलं की इंग्लंडचं खुल्या व्यापाराचं अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू पडत नाही, इथे उद्योग उभे करायला सरकारचा हात लागेल. दोघं गुरुशिष्य, आणि या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांच्यातच सापडतात.

बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंधही, १९२५ साली प्रसिद्ध झालेला, या धाग्याच्या अगदी मधोमध येतो. १८७१ नंतर प्रांतांना आधी नेमून दिलेली रक्कम, मग काही महसूल आणि मग महसुलात वाटा कसा मिळत गेला, ते त्यांनी टप्प्याटप्प्यानं दाखवलं आहे. खर्च एकानं करायचा आणि पैसा दुसऱ्यानं उभा करायचा, अशी रचना असली की जबाबदारी कुणाचीच राहत नाही, हा त्यातून मी घेतलेला धडा. जीएसटी आल्यापासून आपण त्याच प्रश्नाशी परत आलो आहोत. राज्याच्या स्वतःच्या हातात आता मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेल, वाहन कर, वीज शुल्क एवढेच मोठे कर उरलेत.

चाक

जीएसटीला नावं ठेवण्याआधी जकात आठवा. माझा वाहतुकीचा धंदा. मुंबईच्या नाक्यावर गाडी तीन-चार तास उभी, कधी अख्खी रात्र. ड्रायव्हर इंजिनावर डोकं ठेवून झोपायचा. भाजीची गाडी असली की माल वरच्या थरापासून कोमेजत खाली यायचा. १ जुलै २०१७ला नाके बंद झाले आणि पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, "मालक, इतक्या लवकर पोचलो, आता खाली कुठं करू?" गोदामच उघडलेलं नव्हतं.

कर कमी करा नाहीतर जास्त ठेवा, पण वाटेत अडवू नका. माझ्यासाठी मुक्त बाजार तेवढाच.

टाचण

मान्य. फक्त एक बघा: जकात गेली तेव्हा महापालिकांचं स्वतःचं उत्पन्नही गेलं, आता राज्य त्यांना नुकसानभरपाई देतं. पालिका आपल्या नागरिकांकडे बघण्याऐवजी मंत्रालयाकडे बघत बसते. नाके जायलाच हवे होते. पण स्थानिक कराची दुसरी चांगली सोय आपण केली नाही.

वीस एकर

आकडे कुणीच दिले नाहीत म्हणून देतो. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आणि वर्षअखेरीचं अपेक्षित कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराची एकूण उसनवारी, राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे नियम मोडलेला नाही. पण महसुली तूट म्हणजे काय ते ध्यानात घ्या. घरात किराणा आणि पगार भागवायला उसने काढायचे, ती ही तूट. विहीर खणायला काढलेलं कर्ज वेगळं. राज्याचा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००५चा, त्यात महसुली तूट संपवायचं लक्ष्य होतं. आज वीस वर्षांनी आपण इथे आहोत.

त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी. काळी माती, तुम्ही "उघड मदत" म्हणता, तर ही उघडच आहे की. मग तिला पाठिंबा?

काळी माती

अवघड प्रश्न विचारलात, आणि सरळ उत्तर देणं माझं कर्तव्य आहे.

पद्धत म्हणून, हो. महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात जमा होतात, अर्थसंकल्पात आकडा लिहिलेला असतो, तिनं ते कशावर खर्च करावे हे कुणी सांगत नाही. आमच्या गावात एका बाईनं त्यातून शिलाई मशीनचा हप्ता भरला. एकाधिकार योजनेपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस, कारण इथे ग्रेडर नाही. आणि आकडा दिसतो म्हणूनच तुम्ही आज त्यावर प्रश्न विचारू शकलात.

पण पैसा उसना असेल तर नाही. तिच्यासाठी एखादा जुना खर्च बंद केला असता, किंवा व्यवसाय करासारखा कर लावून लोकांना सांगितलं असतं, तर माझा पाठिंबा राहिला असता. महसुली तूट असताना वाटलेले १,५०० तिच्याच मुलांना व्याजासकट फेडायचे आहेत.

फीडर

वीज खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. शेतीपंपाचा विषय अर्धवट राहू नये म्हणून.

मोफत विजेची घोषणा पहिल्यांदा २००४च्या निवडणुकीआधी झाली आणि वर्षभरात मागे घेतली गेली. २०२४ला साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी परत आली, आता राज्य वितरण कंपनीला वर्षाला सुमारे १४,७६० कोटी देणार. मधल्या काळात काय होतं? बिलं जात होती, वसुली नव्हती, थकबाकी कंपनीच्या ताळेबंदात फुगत होती. अर्थसंकल्पाला झळ नाही, म्हणून विधानसभेत गडबड नाही.

आतली गोष्ट सांगतो. लाखो पंपांना मीटर नाही, अश्वशक्तीवर बिल. मग वापर किती? अंदाजानं लिहायचा. गावात तारांवर आकडे टाकून चोरी झाली, तारा जुन्या म्हणून गळती झाली, ते युनिट कुठे दाखवायचे? शेतीच्या रकान्यात. शेतकऱ्यानं न वापरलेली वीजही त्याच्या नावावर चढते, आणि वर त्यालाच फुकट्या म्हणतात. याचा मला नोकरीत असतानाही त्रास व्हायचा. रोहित्रावर मीटर बसवायला गेलो की वरून फोन यायचा, "राहू द्या."

शिवाय हा भार उद्योगांच्या दरात घातला जातो. कारखानदार शेजारच्या राज्याचा दर बघतो आणि प्रकल्प तिकडे नेतो. त्यानं नेलेला रोजगार कुठल्याच अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही.

रोजंदारी

फीडर, तुमचा प्रतिसाद पटला, विशेषतः शेतकऱ्याच्या नावावर गळती चढते तो भाग. पण विजेत खासगी आणलं तेव्हा काय झालं? एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प! १९९२ला करार सुरू, १९९९ला वीज आली, २००१ला प्रकल्प बंद. वीज मंडळ कंगाल व्हायची वेळ आली. हाच ना तुमचा मुक्त बाजार?

आणि उलट उदाहरण घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगी कंपनीची सुमारे ३,६०० कोटींची निविदा होती. ती नाकारून राज्याच्याच महामंडळानं तो रस्ता सुमारे १,६०० कोटींत बांधून दाखवला. तिथे सरकारनं दुकान मांडलं, आणि चांगलं मांडलं.

काळी माती

दाभोळवर माझं ठाम मत आहे. तो बाजार नव्हताच. निविदा न मागवता एका कंपनीशी बोलणी केली, वीज लागो न लागो पैसे द्यायची अट घातली, दर डॉलरशी बांधला, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. नफा खासगी आणि जोखीम जनतेची. बाजारात जो धंदा करतो तो बुडूही शकतो. बुडण्याची भीती काढून घेतली की उरते ती मक्तेदारी. एकाधिकार योजनेत मक्ता सरकारचा होता, इथे कंपनीचा.

द्रुतगती मार्गाचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य करावं लागेल. मी "सरकारनं दुकान मांडू नये" म्हणतो तेव्हा रस्ते त्यात धरू नयेत. रस्ता एकच असतो, शेजारी दुसरा बांधून स्पर्धा होत नाही. आणि समोर आलेली निविदा महाग आहे हे ओळखून ती नाकारणं, हाही चांगल्या गिऱ्हाईकाचाच गुण.

पाटपाणी

त्याच काळातलं आमच्या भागातलं उदाहरण. १९९६ला कृष्णा खोरे महामंडळ झालं. कृष्णेच्या पाणीवाटप लवादानं राज्याला दिलेलं पाणी २०००च्या मेपर्यंत अडवायचं होतं, तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून राज्याच्या हमीवर रोखे काढले. लोकांनी विश्वासानं घेतले. हेतू योग्य होता, आमच्या जमिनी त्यातूनच भिजल्या, ते मी विसरणार नाही. पण एकाच वेळी इतक्या धरणांचे नारळ फुटले की पैसा पातळ पसरला. भिंत झाली तर कालवा नाही, कालवा झाला तर चारी नाही. रोख्यांची परतफेड अखेर राज्यावरच आली.

तो पैसा अर्थसंकल्पातून गेला असता तर निदान आधी कुठलं धरण आणि नंतर कुठलं, हे सभागृहात भांडून ठरलं असतं.

टाचण

एक इशारा मुक्त बाजारवाल्यांनाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २०१२ साली गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी आयकर मोठ्या प्रमाणात कापला, अनेक व्यवसायांचं उत्पन्न तर पूर्ण करमुक्त केलं. वाढ इतकी होईल की तूट भरून निघेल, असा भरवसा होता. तसं झालं नाही. शाळा-रस्त्यांचे पैसे आटले आणि २०१७ला त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळानं, गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून, ती कपात रद्द केली. खर्च न कापता नुसता कर कापणं ही उधारीच.

आपल्याकडे २०२०च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्क तात्पुरतं कमी केलं, मुंबईत ५ टक्क्यांवरून २ वर. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. फायदा झालाच, पण त्यातले बरेच जण पुढे घेणारच होते, त्यांनी मुदत बघून आधी घेतलं.

खडू-फळा

शिक्षक आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून जुन्या पेन्शनमध्ये नाही. मार्च २०२३च्या संपात होतो. इथे "उद्याची पेन्शनं" हा शब्द ओझ्यासारखा वापरलाय, तो टोचला. तीस वर्षं शिकवून म्हातारपणी निश्चित रक्कम मागणं चूक आहे का?

काळी माती

सर, चूक नाही. शब्द टोचला असेल तर माफी. माझं एवढंच म्हणणं आहे की सरकारनं तुम्हाला निश्चित रक्कम कबूल केली, तर त्याच वर्षी तेवढा पैसा बाजूला काढून तुमच्या नावे ठेवावा. वचन आज द्यायचं आणि पैसा २०४५च्या सरकारनं शोधायचा, यात फसवणूक तुमचीच होते. ज्या राज्याकडे पैसा नसतो ते वचन मोडतं, आणि मोडतं ते तुमच्या वयाच्या सत्तरीत, जेव्हा संपावर जायची ताकद नसते.

पाटपाणी

बाजार समितीबद्दल दोन ओळी. २०१६ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे समितीतच विकायची सक्ती उठली, आणि अडत (दलाली) शेतकऱ्याकडून घेणं बंद झालं. आम्ही सहा जणांनी मिळून गाडी केली आणि थेट शहरात विकायला लागलो. पहिल्या दिवशी कोथिंबिरीच्या जुडीचे पूर्ण पैसे हातात घेताना भावानं ते तीनदा मोजले. सगळा माल असा विकला जात नाही, अर्धा अजून समितीतच जातो. पण आता समितीतला व्यापारी आमच्याशी जरा नीट बोलतो.

रोजंदारी

काळी माती, भाव पडल्यावर काय, ते राहिलं. आणि दुसरा प्रश्न, पहिल्यापासून मनात आहे: ज्या पावत्यांवर शेवटची खूण नव्हती, त्यांचे पैसे मिळाले का?

काळी माती

भाव पडल्यावर: राज्यानं कापूस विकत घेऊ नये, पडत्या भावाचा काही भाग क्षेत्रानुसार थेट खात्यात द्यावा. २०२३च्या खरिपासाठी कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले गेले. उशिरा आले, तोकडे होते, ई-पीक नोंदणीत खूप जण सुटले. पण पद्धत बरोबर. कापूस कुणालाही विका, मदत वेगळी. ती किती आणि कधी, हे पेरणीआधी जाहीर व्हावं, एवढी माझी मागणी आहे. शेतकरी संघटनेची घोषणा आम्ही पोरं असताना भिंतींवर लिहायचो: भीक नको, हवे घामाचे दाम. दाम बाजारातून यावा आणि संकटातली मदत तिजोरीतून, दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी काल आईला गठ्ठा दाखवला. तिनं चष्मा लावून एकेक पावती उलटी करून बघितली. म्हणाली, त्या वर्षी योजना तोट्यात गेली, शेवटचा हप्ता जाहीरच झाला नाही. खूण असलेल्या बाकीच्या वर्षांच्या पावत्या वडिलांनी बऱ्याचशा फाडून टाकल्या होत्या, पैसे मिळाले की त्या लागत नाहीत म्हणून. या मात्र ठेवल्या. दर दिवाळीला ते केंद्रावर जाऊन विचारून यायचे.